वॉर्डातली स्मोकी

जुलै १९४४. न्यू गिनीतल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयात बिल विन नावाचा एक कॉर्पोरल डेंग्यूच्या तापाने फणफणला होता. त्याला बरं वाटावं म्हणून मित्र त्याची पत्रं घेऊन आले आणि सोबत त्याची कुत्रीही. यॉर्कशायर टेरियर जातीची, उंची जेमतेम सात इंच, वजन दोन किलोलाही कमी. नाव स्मोकी. नर्सनी तिला पाहिलं आणि लगेच उचलून घेतलं. शेजारच्या बिआक बेटावरच्या लढाईतले जखमी तेव्हा रोज त्या रुग्णालयात येत होते. नर्स स्मोकीला काखेत घेऊन एकेका खाटेपाशी जाऊ लागल्या. रुग्णालयाचे प्रमुख होते डॉ. चार्ल्स मेयो, प्रसिद्ध मेयो क्लिनिकच्या घराण्यातले. त्यांनी कुत्रीला हाकललं नाही. उलट दिवसा नर्सबरोबर राउंडला जायला आणि रात्री विनच्या खाटेवर झोपायला परवानगी दिली. पाच दिवस हे असं चाललं.

रुग्णांना भेटायला जाणाऱ्या कुत्र्यांचा इतिहास सांगताना बरेच जण या पाच दिवसांपासून सुरुवात करतात.

ती विनकडे आली त्याचीही एक गोष्ट आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत जंगलातल्या एका खंदकात ती एका सैनिकाला सापडली. जपान्यांची असेल म्हणून युद्धकैद्यांकडे नेली, तर तिला जपानीही कळेना आणि इंग्रजीही कळेना. ज्याच्याकडे ती होती त्याला पत्त्यांच्या डावात परत बसायला पैसे हवे होते. त्याने दोन ऑस्ट्रेलियन पौंडांना ती विनला विकून टाकली. पुढे विनच्या शिरस्त्राणात तिची अंघोळ व्हायची आणि त्याच्याच शिध्यातलं ती खायची. फिलिपिन्समध्ये लिंगायेनच्या धावपट्टीखालच्या सत्तर फुटी नळातून तिने टेलिफोनची तार ओढून नेली. नळ आठ इंचांचा, त्यातही जागोजागी माती साचलेली. स्मोकीचं नाव निघालं की आधी हाच पराक्रम सांगितला जातो. मला मात्र त्याहून ते वॉर्डातले पाच दिवस मोठे वाटतात, कारण तिथे तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं जवळ असायचं होतं.

हे नुसतं जवळ असणं नेमकं काय करतं? वॉर्डात पडलेल्या माणसाचं सगळं दुसरंच कुणीतरी करत असतं. कूस बदलायची तर हाक मारायची, पाण्याचा घोट हवा तर हाक मारायची. सुई टोचणारा येतो, ताप बघणारा येतो, कागदावर सही घेणारा येतो; प्रत्येक जण त्याच्या अंगाला हात लावतो, पण त्याने कुणाला हात लावावा असा प्रसंग येत नाही. कुत्रं येतं तेव्हा हे उलटतं. हात पुढे करायचा तो रुग्णाने. कानामागे खाजवायचं, बिस्किटाचा तुकडा द्यायचा, ‘ये’ म्हणायचं. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याकडून काही घ्यायला आलेलं असतं.

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरच्या आपल्या छोट्या पुस्तकात १८६०च्या सुमाराला याच्या अगदी जवळचं काही सांगितलं होतं. दीर्घ आजारात एखादा लहानसा पाळीव प्राणी उत्तम सोबती ठरतो, आणि रुग्णाला त्याचं खाणंपिणं स्वतः बघता येत असेल तर ते जरूर बघू द्यावं, असं त्यांचं म्हणणं. यातला दुसरा भाग फारसा कुणी सांगत नाही. माझ्या मते सगळं मर्म त्यातच आहे.

न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांना हे योगायोगाने उमगलं. अबोल होऊन बसलेला एक मुलगा ठरल्या वेळेआधी आला, तेव्हा त्यांचा कुत्रा जिंगल्स खोलीतच होता. कुत्र्याने मुलाला चाटलं, मुलाने त्याला कुरवाळलं, आणि डॉक्टरांशी न बोलणारं ते पोर कुत्र्याच्या निमित्ताने मोकळं होऊ लागलं. लेव्हिन्सन यांनी १९६२ मध्ये यावर निबंध लिहिला. पुढे १९७६ मध्ये इलेन स्मिथ या नर्सने अमेरिकेत अशा कुत्र्यांची नोंदणी करणारी संस्थाच काढली. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हृदय निकामी होत चाललेल्या ७६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. काहींना बारा मिनिटं कुत्रा भेटायला आला, काहींना नुसता स्वयंसेवक, काहींना कुणीच नाही. कुत्रा भेटून गेला त्यांच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब उतरला आणि ॲड्रिनलिनही कमी झालं. आजार बरा झाला, असं कुणी म्हटलं नाही. पण तेवढ्या वेळात जीव शांत झाला, हे आकड्यांत दिसलं.

अंध माणसाला वाट दाखवणारा कुत्रा एका माणसाचा असतो; रुग्णांना भेटायला जाणारा कुत्रा, म्हणजे थेरपी डॉग, सगळ्यांचा. त्यामुळे त्याची निवडही वेगळी होते. हुशारी दुय्यम, स्वभाव आधी. स्टीलचं भांडं खणकन पडलं, कुणी शेपटी जोरात धरली, व्हीलचेअर अंगावर आली, तरी बिथरायचं नाही. भेटीआधी अंघोळ, नखं कापलेली, लस आणि जंताचं औषध वेळच्या वेळी. खाटेवर चढवायचं तर अंगाखाली स्वच्छ चादर. आधी रुग्णाला विचारायचं. तो नको म्हणाला तर मुकाट्याने पुढची खाट. कुरवाळण्याआधी हात स्वच्छ करायचे आणि नंतरही.

आणि कुत्राही थकतो. वीस जणांच्या हातांखालून गेल्यावर तो जांभया देऊ लागतो, ओठांवरून जीभ फिरवतो, मान दुसरीकडे वळवतो. न समजणाऱ्याला वाटतं, झोप आली असेल. बरोबरच्या माणसाला कळतं की आता पुरे. म्हणून भेट तासाभराच्या आत संपवायची असते. मालकाने ‘अजून एकच खाट’ म्हणून ओढत नेलं, तर ती सेवा राहत नाही, कुत्र्यावरचा अन्याय होतो. मुकं जनावर तक्रार करत नाही, म्हणून तर ती नजर हवी.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात ॲनिमल एंजल्स फाउंडेशनसारख्या संस्थेने हे काम रुजवलं आहे. विशेष मुलांच्या शाळांतही तिची कुत्री जातात. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात आणि जेजुरीच्या खंडोबाबरोबरही कुत्रा असतो. देवाजवळ ज्याला जागा दिली, त्याला आजाऱ्याजवळ द्यायला आपण अजून बिचकतो. वृद्धाश्रमांनी तरी बिचकू नये असं मला फार वाटतं. तिथे आलेल्या कित्येकांनी घराबरोबर दारातलं कुत्रंही सोडलेलं असतं.

मोठ्या जातीच्या कुत्र्याचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं. वर्षाचा होईपर्यंत त्याला वॉर्डात नेत नाहीत आणि सांधे धरले की थांबवावं लागतं. हाती राहतात ती पाच-सात वर्षं. तो गेला की घरच्यांना दुःख होतंच, पण बातमी वॉर्डात पोचते तेव्हा तिथेही कुणीतरी विचारत असतं, ‘गुरुवारी का नाही आला?’

स्मोकी दीर्घायुषी. युद्धानंतर विन तिला घेऊन अमेरिकेतल्या रुग्णालयांतून फिरत राहिला. डोळ्यांवर पट्टी बांधून ती तारेवरून चालून दाखवायची. २१ फेब्रुवारी १९५७ रोजी, चौदाएक वर्षांची होऊन ती गेली. विनने तिला ओहायोत, क्लीव्हलँडजवळच्या एका उद्यानात पुरलं, काडतुसांच्या पेटीत. २००५ मध्ये तिथे तिचा ब्राँझचा पुतळा बसला, सैनिकाच्या शिरस्त्राणात बसलेली स्मोकी. तिच्या नावाबरोबर तिथे सगळ्या युद्धांतल्या कुत्र्यांचंही स्मरण कोरलं आहे.

तिला पुरल्यावर तिची गोष्ट वर्तमानपत्रात आली आणि विनच्या घरी एका बाईंचा फोन आला. त्या युद्धात नर्स होत्या. त्यांच्या वाग्दत्त वराने ऑस्ट्रेलियात त्यांच्यासाठी एक यॉर्कशायर टेरियर विकत घेतली होती आणि तिचं नाव ठेवलं होतं ख्रिसमस. ती न्यू गिनीत हरवली. त्या जंगलात त्या काळी अशी दुसरी कुत्री कितीशी असणार? नर्सच्या हातून सुटलेली ती चिमुकली फिरून नर्सच्याच काखेत येऊन बसली होती, बिआकच्या जखमींच्या खाटांपाशी.