टॅपेटचा आवाज आणि निःशब्द इंजिनाचा मोह

जुनी अ‍ॅम्बेसेडर हौसेने मिळवून तिचे इंजिन नव्याने बांधून घेणारे गृहस्थ भेटले, की रंगाची व क्रोमची तारीफ आटोपते न आटोपते तोच ते ‘टॅपेट वाजतंय’ अशी फिर्याद पेश करतात आणि त्याच श्वासात ‘मिस्त्रीकडून टाइट करून घेतो’ असा फैसलाही जाहीर करतात. हा फैसला इतक्यांदा कानी पडला आहे की आता तो ऐकताना सभ्यता राखणे कष्टाचे होते.

१९५९ पासून या गाडीत आलेल्या बी-मालिकेच्या १४८९ सीसी इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो व त्याची गती टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर या मार्गाने व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते. हे भाग तापून प्रसरण पावतात, म्हणूनच रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये फट बुद्ध्याच ठेवलेली असते, आणि ज्यांना ही तरतूद मिस्त्रीची हलगर्जी वाटते त्यांनी याच कुळातील एमजीबी मोटारीची पुस्तिका पाहावी: थंड इंजिनाला ०.०१५ इंच, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर. एवढी फट थोडी टिकटिकणारच. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता मिटलेल्या अवस्थेत सीटमार्फत हेडला देतो. फट नाहीशी केली की तो पुरता मिटत नाही, तप्त वायू कडेने निसटतो, कड जळते आणि कॉम्प्रेशन जाते.

याहून विपरीत गोष्ट पुढेच आहे. या इंजिनाच्या सीट बिडाच्या हेडमध्येच कोरलेल्या असतात, आणि २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाल्यापासून त्यांना शिशाच्या थराचे संरक्षण उरलेले नाही. दीर्घकाळ वेगात गाडी हाकल्यास सीट झिजून व्हॉल्व्ह आत रुततो, त्याचा दांडा रॉकरकडे सरकतो आणि फट आपोआप घटते. तेव्हा वाजणारे इंजिन दुरुस्तीविना गप्प झाले, तर पेढे न वाटता फिलर गेज काढावे.

निदान मात्र कानावर सोडू नये. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट फुंकत असले तरी अशीच टिकटिक येते. ती बहुधा थंडपणी अधिक असते व तापल्यावर मंदावते. फट मोजताना नऊचा हिशेब धरावा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असता पहिला, सहावा असता तिसरा. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर सपाट गेज त्यावर पुलासारखे बसते व खरी फट अधिक असूनही बरोबर भासते; मिस्त्रीची बदनामी होते ती बहुतांशी इथेच. एकाच टॅपेटची फट पुनःपुन्हा वाढत असेल, तर डायल गेजने त्या व्हॉल्व्हची उचल इतरांशी ताडून पाहावी, कारण कमी उचल म्हणजे कॅमची झीज, आणि झिजलेल्या कॅमवर नवे टॅपेट बसवणाऱ्यांच्या वाट्याला ती हमखास येते.

जाड तेलाने टॅपेट शांत होते म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की येथे हायड्रॉलिक टॅपेट नाहीतच. बांधणीच्या वेळी केलेले सेटिंग कायम राहते, हेही खोटे. गॅस्केट बसल्यावर हेड पुन्हा कसावे लागते व त्यानंतर फटीही पुन्हा मोजाव्या लागतात. कॉम्प्रेशन कमी म्हणजे रिंग गेल्या, असेही नव्हे: सिलिंडरात दाबाची हवा भरून ऐकावे, कार्बुरेटरात फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरात आली तर एक्झॉस्ट, आणि तेलाच्या तोंडाशी आली तरच रिंग.

गाडी ताब्यात घेताना मिस्त्रीकडून आठही फटींचे आकडे बिलावर लिहून घ्यावेत, एवढीच विनंती.