परिचारिकेची नजर

पुणे–अहिल्यानगर मार्गावरील सुपे म्हटले की आज औद्योगिक वसाहत डोळ्यांपुढे येते. जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचे प्रवर्तक डॉ. रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ साली याच गावी झाला. वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण घेऊन, पत्नी डॉ. मेबल यांच्यासह १९७० साली ते आपल्याच जिल्ह्यातील जामखेडला कामास लागले. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार या दांपत्यास मिळाला.

त्यांच्यापुढील पहिला पेच साधा होता. डॉक्टर खेड्यात रोज पोहोचू शकत नाही. मग रुग्णाकडे पाहायचे कोणी? परिचारिकांनी गावोगावी राहावे, हा पहिला बेत फसला. एकट्या तरुणीने परक्या गावात राहणे सोपे नव्हते. तेव्हा गावातल्याच स्त्रिया निवडल्या गेल्या. त्यांतील बहुतेक निरक्षर होत्या. डॉक्टर व परिचारिकांचे फिरते पथक त्यांच्या पाठीशी राहिले. कोणाला घरीच सांभाळायचे आणि कोणाला तातडीने जामखेडला न्यायचे, हे या स्त्रिया ठरवू लागल्या. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्युदर १९७६ पर्यंत ५२ वर आला. त्यात पोषण, पाणी, लसीकरण यांचा वाटा मोठा होता, हे खरे. पण वेळेवर ओळखणारी नजर दारापाशी होती, हेही तितकेच खरे.

ही नजर अंगी येते ती शिस्तीने. बालकाचा श्वास मोजायचा तर ते शांत असताना, छाती उघडी ठेवून, पूर्ण एक मिनिट मोजायचा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास असतील, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. धान्य तळहातावर घेऊन त्याची प्रत सांगणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

ब्रिटनमधील रुग्णालयांत नाडी, श्वास, रक्तदाब आदींना गुण देण्याची एकसमान राष्ट्रीय पद्धत २०१२ साली आली. २०१७ च्या सुधारणेत रुग्णाला नव्याने झालेल्या संभ्रमालाही तीन गुण दिले गेले. आपण मात्र ‘वयामुळे बरळतात’ म्हणून तेच लक्षण सोडून देतो!

आपल्या घरांतून आता आजारी ज्येष्ठांसाठी परिचारिका ठेवल्या जातात. तिने ‘आज काही खाल्ले का?’ असे विचारले की उत्तर मिळते, ‘उपवास आहे, तुम्ही इन्सुलिन देऊन टाका.’ अशा वेळी ती हात आवरते, आधी साखर तपासते आणि डॉक्टरांना फोन करते. तो तिचा उद्धटपणा नव्हे, तिचे कर्तव्य आहे. चौविहारामुळे रात्रीची गोळी राहिली असेल, दिवसभरात लघवी कमी झाली असेल, तर ते तिला मोकळेपणी सांगावे. बोलणी बसतील म्हणून चुकलेली गोळी लपविण्याची सवय घरोघरी आहे, आणि त्यामुळे तिचा सगळा अंदाजच चुकतो.

अहिल्यानगर वा पुणे गाठायला सुप्याहून वेळ लागतो. म्हणून १०८ ला फोन करताना ‘तब्येत बिघडली’ एवढेच न सांगता परिचारिकेने टिपलेले वाचून दाखवावे : श्वास मिनिटाला किती, रक्तदाब किती, साखर किती, आणि सकाळी नीट बोलणारे आजोबा कितीपासून असंबद्ध बोलू लागले.