चावणारे पिल्लू आणि आपली जीवदया

घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या सदनिकांत मुलांनी प्राणी पाळण्याचा हट्ट धरला की जैन कुटुंबासमोर दोन अडचणी उभ्या राहतात. एक जागेची, दुसरी आहाराची. कुत्र्या-मांजराला सामिष अन्न द्यावे लागेल या विचारानेच घरातील ज्येष्ठ मंडळी नकार देतात. अशा वेळी गिनीपिग हा सोयीचा मार्ग वाटतो. तो पूर्ण शाकाहारी, आकाराने लहान आणि स्वभावाने भित्रा. वाढदिवसाच्या निमित्ताने पिल्लू घरी येते. दोन-चार दिवसांतच ते मुलाच्या बोटाला चिमटा काढल्यासारखा चावा घेते. मूल रडते, आजी घाबरते आणि ‘हे चावरे निघाले, परत देऊन टाका’ असा निर्णय होतो. पिल्लाच्या पुढील आयुष्याचे भवितव्य बहुधा याच क्षणी ठरते. म्हणून त्या चाव्याचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

हा प्राणी कोण?

नावात ‘गिनी’ आणि ‘पिग’ असले तरी याचा गिनी देशाशी संबंध नाही आणि डुकराशीही नाही. हा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातील जीव. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत माणसाने त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवले आणि सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला. त्याचे पिल्लू जन्मतःच अंगावर केस, उघडे डोळे आणि दात घेऊन येते. काही तासांत ते धावू लागते आणि एक-दोन दिवसांत गवत चघळू लागते. त्यामुळे ते लवकर स्वतंत्र झाल्यासारखे भासते. प्रत्यक्षात सुमारे तीन आठवडे त्याला आईचे दूध आणि सहवास आवश्यक असतो. त्याआधीच दुकानात आलेले पिल्लू अधिक बावरलेले असते.

मुंबईवर या जीवाचे एक ऋणही आहे. 1896 मध्ये शहरात प्लेग आला. हा रोग उंदरांच्या पिसवांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो हे सिद्ध करण्यासाठी डॉ. ग्लेन लिस्टन यांनी, आणि पुढे 1905 पासून काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने, प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर पिसवा गोळा केल्या. कित्येक गिनीपिग त्यात प्लेगने मेले. या शहराच्या आरोग्यासाठी ज्यांचे प्राण खर्ची पडले, त्यांच्याच जातीचे पिल्लू आज आपल्या दिवाणखान्यात बसलेले असते.

पिल्लू का चावते?

निसर्गात या प्राण्याला शिंगे नाहीत, नख्यांचे बळ नाही. पळणे आणि लपणे हाच त्याचा बचाव. शिकारी पक्षी त्याच्यावर वरून झडप घालतो. त्यामुळे पिंजऱ्यात वरून शिरणारा हात, मग तो कितीही प्रेमळ मुलाचा असो, पिल्लाला घारीच्या पंजासारखा वाटतो. पळायला जागा उरली नाही की ते दात लावते. हे पहिले आणि सर्वांत मोठे कारण.

दुसरे कारण वासाचे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने नाकासमोरची वस्तू त्याला नीट दिसत नाही. ती ते हुंगून आणि चाटून-चावून ओळखते. काकडी चिरलेल्या हाताचे बोट जाळीतून आत गेले, तर पिल्लाच्या लेखी ती काकडीच असते. लहान वयात तर ते प्रत्येक नवी वस्तू दातांनी तपासून पाहते.

तिसरे कारण नैसर्गिक विधीचे. मांडीवर दहा-पंधरा मिनिटे बसल्यावर पिल्लू चुळबुळ करते, मागे सरकते, कपडा ओढते आणि हलकेच चावते. त्याला लघवीसाठी खाली उतरायचे असते. हा इशारा ओळखला की चावाही थांबतो आणि कपडेही वाचतात.

चौथे कारण वेदनेचे. त्वचेतील सूक्ष्म किडीमुळे होणारी खाज, तोंडातील जखम, वाढलेला दात किंवा जीवनसत्त्वाच्या अभावाने दुखणारे सांधे असले की स्पर्शच असह्य होतो. आजवर शांत असलेला प्राणी अचानक चावू लागला, तर स्वभाव बिघडला असे न मानता आधी पशुवैद्याकडे न्यावे.

कारण कोणतेही असो, बहुतेक वेळा हा चावा वरवरचाच असतो. क्वचित कातडी फाटली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

हाताळण्याची रीत

पिल्लू घरी आल्यावर पहिले तीन-चार दिवस त्याला उचलूच नये. पिंजरा घराच्या शांत पण माणसांचा वावर असलेल्या कोपऱ्यात, दूरदर्शनच्या आवाजापासून दूर ठेवावा. लपण्यासाठी पुठ्ठ्याचे खोके आत द्यावे. जवळ बसून हळू आवाजात बोलावे आणि कोथिंबिरीची काडी हातात धरून थांबावे. पिल्लू आपणहून पुढे आले की पहिला टप्पा पार पडला.

उचलताना हात साबणाने धुऊन घ्यावेत, म्हणजे अन्नाचा वास राहत नाही. हात बाजूने, त्याच्या नजरेच्या पातळीवरून न्यावा. एक तळहात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली ठेवून त्याला आपल्या छातीशी टेकवावे. मागचे पाय लोंबकळत राहिले की ते घाबरते. मुलांनी नेहमी जमिनीवर बसूनच त्याला घ्यावे. त्याची हाडे नाजूक असतात. सोफ्याच्या उंचीवरून पडले तरी पाय मोडू शकतो. मांडीवर जाड टॉवेल घ्यावा आणि सुरुवातीला पाच मिनिटेच बसवावे.

चावल्यास काय करावे? ओरडू नये, झटकू नये, हातातून सोडू नये. क्षणभर स्थिर राहावे. ते थोडे शांत झाल्यावर हळूच पिंजऱ्यात ठेवावे. प्रत्येक चाव्यासरशी झटकन खाली ठेवले, तर चावले की सुटका होते एवढेच ते शिकते. त्याच वेळी आपणही विचार करावा की हात वरून गेला होता का, वेळ फार झाला होता का, कुठे दुखत तर नाही ना. या सबुरीने काही आठवड्यांत बहुतेक पिल्ले निवळतात. काही मात्र मांडीवर कधीच रमत नाहीत. त्यांना जमिनीवर मोकळे फिरू द्यावे आणि त्यांचे ते वागणे मान्य करावे.

पाच अतिचारांच्या आरशात

आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हे पाचही आश्रित प्राण्याला वागवण्याविषयी आहेत. गुरेढोरे बाळगणाऱ्या श्रावकाला जे लागू होते, ते पिंजऱ्यातील पिल्लू बाळगणाऱ्यालाही तितकेच लागू होते.

दुकानात मिळणारा दीड-दोन फुटांचा जाळीचा पिंजरा म्हणजे बंध. दोन प्राण्यांना साधारण 8 ते 10 चौरस फूट सपाट जागा हवी. तळाला जाळी नको, कारण तिने पाय सोलवटतात. चावल्याबद्दल टपली मारणे, नाकावर फुंकर मारणे हा वध. चावू नये म्हणून घरीच दात कापण्याचा प्रयत्न करणे हा छेद. त्याचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि भरपूर गवत चघळल्यानेच झिजतात. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात पिल्लू देणे, मुलांनी तासन्‌तास त्याच्याशी खेळत राहणे हे अतिभारारोपण. ओझे नेहमी पाठीवरच असते असे नाही.

अन्नपाननिरोधाचा मुद्दा जैन घरात विशेष बारकाईने पाहावा लागतो. गिनीपिग माणसाप्रमाणेच ‘क’ जीवनसत्त्व शरीरात तयार करू शकत नाही. नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिश या संशोधकांनी 1907 मध्ये गिनीपिगमध्ये स्कर्व्ही रोग दाखवून दिला, तो याच कारणाने. म्हणून त्याला रोज ताजी भाजी हवी. ढोबळी मिरचीच्या एक-दोन फोडी आणि कोथिंबीर हा उत्तम आहार. पेरूची लहान फोड आठवड्यातून एक-दोनदा. कांदा, लसूण आणि बटाटा त्याला अपायकारक आहेत, तेव्हा जैन स्वयंपाकघर या बाबतीत त्याला अनुकूलच आहे. खाखरा, शेव, बिस्कीट किंवा दूध मात्र देऊ नये.

चातुर्मासात अनेक घरांत पालेभाजी येत नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असते. सूर्यास्तानंतर अन्न बंद होते. हे नियम माणसाने स्वेच्छेने घेतलेले व्रत आहेत. ज्याने पच्चक्खाण घेतलेले नाही त्या मुक्या जीवावर ते लादले तर तो संयम राहत नाही, उपासमार होते. त्याचे पोट अखंड चालू राहावे लागते. रात्रीही पिंजऱ्यात गवत आणि पाणी हवेच. चातुर्मासात ढोबळी मिरचीने गरज भागते. तिथीच्या दिवशी भाजी चिरण्याचा संकोच असेल तर आदल्या दिवशी चिरून ठेवावी, किंवा पशुवैद्याच्या सल्ल्याने ‘क’ जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत.

आहाराचा मोठा भाग गवताचा असावा. देरासराबाहेर गाईसाठी विकल्या जाणाऱ्या पेंढीतील ताजे गवत निवडून, धुऊन, कोरडे करून देता येते. त्याच्या जोडीला वाळलेले गवत कायम हवे. पावसाळ्यात गवताला बुरशी लागते, म्हणून थोडे थोडेच आणावे, हवेशीर ठेवावे आणि त्यात जीव नाहीत ना, हे जयणेने पाहून घ्यावे. साधारण 18 ते 24 अंश तापमान त्याला मानवते. मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पिंजरा गॅलरीत ठेवणे त्याच्या जिवावर बेतू शकते. थंड फरशी, पंख्याचा सौम्य वारा आणि कपड्यात गुंडाळलेली बर्फाच्या पाण्याची बाटली यांनी त्याला दिलासा मिळतो.

सोबत, वैद्य आणि हिशेब

गिनीपिग एकटा राहणारा प्राणी नाही. स्वित्झर्लंडने 2008 मध्ये त्याला एकटे ठेवण्यास कायद्यानेच मनाई केली. दोन माद्या एकत्र ठेवणे सोयीचे. नर तीन आठवड्यांच्या वयापासून प्रजननक्षम होऊ लागतो, म्हणून नर-मादीची ओळख पशुवैद्याकडून करून घ्यावी. तो पशुवैद्यही लहान प्राण्यांचा अनुभव असलेला असावा. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन यांसारखी आपल्या घरातील परिचित औषधे या प्राण्याला प्राणघातक ठरू शकतात. मनाने एक गोळीही देऊ नये. दर आठवड्याला स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून वहीत लिहावे. उतरते वजन आजाराची पहिली खूण असते, आणि एक दिवस खाणे थांबले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

सोडून देणे म्हणजे जीवदया नव्हे

पिल्लू चावते म्हणून त्याला सोसायटीच्या बागेत किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सोडून देण्याचा विचार काही घरांत येतो. जीव सोडवण्याचे पुण्य लाभले असेही मनाला वाटते. हा मोठा भ्रम आहे. शेकडो पिढ्या माणसाच्या आश्रयाला राहिलेला हा जीव मांजर, कावळा, घार आणि मुंबईचा पाऊस यांच्यापुढे फार काळ तग धरू शकत नाही. पाळीव प्राण्याला असे उपाशी-तहानेने तडफडण्यासाठी वाऱ्यावर सोडणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम, 1960 च्या कलम 11 नुसार गुन्हाही आहे. मुंबईत 1834 पासून पांजरापोळीची थोर परंपरा आहे, पण ती व्यवस्था मुख्यतः गाई-गुरांसाठी. या चिमुकल्या जीवाची निगा तेथे अपेक्षिणे योग्य नाही. सांभाळणे खरोखरच अशक्य झाले, तर त्याची पूर्ण माहिती देऊन दुसऱ्या जाणत्या घरी सोपवावे.

हा प्राणी पाच ते आठ वर्षे जगतो. पाचवीतील मुलासाठी आणलेले पिल्लू ते मूल बारावीला जाईपर्यंत घरात असू शकते. आणण्यापूर्वीच कुटुंबाने एकत्र बसून ही जबाबदारी तोलावी. आणि आणल्यावर पहिल्या चाव्याला मुलाला ‘वाईट आहे ते’ असे न सांगता ‘ते घाबरले आहे, आपण काय चुकलो ते पाहू’ असे सांगावे. पाठशाळेत ऐकलेला अहिंसेचा पाठ मुलाच्या हाताला वळण लावतो तो अशा वेळीच.