शेजवान आणि घाटाखालचं तिरफळ

माझा पुतण्या राधानगरीत चायनीजची गाडी लावतो. एका पावसाळी संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी त्याच्या गाडीपाशी छत्री धरून गप्पा मारत उभी होते. मध्येच त्यानं विचारलं, "काकी, शेजवान म्हणजे नक्की काय असतंय वो?" त्याच्या पाटीवर शेजवान राईस होता, शेजवान नूडल्स होत्या, शेजवान भेळसुद्धा होती. रोज करून विकणाऱ्यालाच माहीत नाही म्हणून मी हसले खरी, पण उत्तर मलाही देता येईना. घरी येऊन बाटलीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. लाल मिरची, लसूण, आलं, तेल, व्हिनेगर, साखर, मीठ. म्हणजे व्हिनेगर घातलेला आपला ठेचाच की! कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला लाल मिरची आणि लसणाचं अप्रूप ते काय असायचं?

मग थोडी शोधाशोध केली. शेजवान हे कुठल्या चटणीचं नाव नाही, ते चीनच्या एका प्रांताचं नाव आहे. सिचुआन हा त्याचा आजचा उच्चार. डोंगरांनी वेढलेला, दमट, ढगाळ हवेचा हा मुलूख. अंगातला ओलावा बाहेर काढायचा तर तिखट खावं, अशी तिथल्या लोकांची जुनी समजूत आहे. आपल्याकडे दाजीपूरच्या बाजूला आषाढात चार दिवस काढलेल्या माणसाला ही समजूत पटायला वेळ लागणार नाही. पण तिथल्या जेवणाची खूण नुसतं तिखट ही नाही. तिथं चवीला जोडशब्द आहे, 'मा-ला'. त्यातला 'ला' म्हणजे मिरचीचा जाळ आणि 'मा' म्हणजे बधिरपणा, जिभेला येणाऱ्या मुंग्या. या मुंग्या मिरचीनं येत नाहीत. त्या येतात 'ह्वाज्याव' नावाच्या छोट्या फळाच्या सालीनं. इंग्रजीत तिला सिचुआनची मिरी म्हणतात, पण आपल्या काळ्या मिरीशी तिचं काही नातं नाही.

मिरची तिथंही उपरीच. अमेरिकेतून निघालेली मिरची सोळाव्या शतकाच्या अखेरीला चीनमध्ये पोचली आणि सिचुआनच्या स्वयंपाकघरात रुळायला तिला आणखी बराच काळ लागला. ह्वाज्याव मात्र तिथं हजारो वर्षांपासून आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान घराण्याच्या काळात सम्राज्ञीच्या महालाच्या भिंतींना या फळांची पूड मिसळलेला गिलावा करत. वास दरवळायचा, ऊब राहायची, आणि झाडाला फळांचे घोस लागतात तशी घराण्यात संतती वाढो, हीही इच्छा त्यात असायची. आपल्याकडं मिरची पोर्तुगीजांच्या जहाजातून आली आणि आपण तिला मिरीवरून नाव देऊन टाकलं. दोन्हीकडची गोष्ट सारखीच, पाहुणी आली आणि घरची होऊन बसली.

मग आपल्या शेजवानमधून ती मुंग्या आणणारी फळं गेली कुठं? आपल्याकडचं चायनीज जेवण आलं कोलकात्याच्या चिनी वस्तीतून. तिथं स्थायिक झालेले बरेचसे लोक हाक्का, म्हणजे दक्षिण चीनकडचे. त्यांच्या मूळ जेवणात ही फळं मुख्य नव्हतीच. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत सिचुआनचे पदार्थ आले ते १९७०च्या दशकात. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात चिकन मांचुरियन केलं, तेही १९७५ सालीच, असं सांगतात. आलं-लसूण-हिरवी मिरचीच्या आपल्या फोडणीला सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर मिळालं आणि एक नवंच, अस्सल भारतीय जेवण तयार झालं. ते हॉटेलांतून गाड्यांवर उतरलं. शेजवान हे नाव त्याला चिकटलं, पण ज्या फळामुळं ते नाव सार्थ व्हावं ते वाटेतच राहिलं. मी याला फसवणूक म्हणणार नाही. पुतण्याची शेजवान भेळ मलाही आवडते. पण नाव लावायचं तर निदान एकदा तरी खरी चव माहीत असावी, एवढंच.

ती माहीत झाली भाच्यामुळं. पुण्याहून येताना त्यानं या फळांची एक पुडी आणली. तपकिरी-लालसर, उकललेल्या, वाटाण्याहून लहान वाट्या. मी पुडी उघडली आणि पलीकडं भाजी निवडत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. त्या घाटाखालच्या, फोंड्याकडच्या. म्हणाल्या, "तिरफळं कुणी आणली गं?" मी पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी एक वाटी दातांखाली धरली, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "तिरफळाचीच जात. पण ही बारकी आहेत."

सासूबाईंनी वनस्पतिशास्त्राचं पुस्तक कधी उघडलेलं नाही, पण त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर निघालं. सिचुआनचं ह्वाज्याव आणि आपलं तिरफळ ही एकाच प्रजातीची, म्हणजे झँथोझायलमची, सख्खी भावंडं आहेत. तिरफळाला शास्त्रात झँथोझायलम ऱ्हेट्सा म्हणतात. दोघांचं कूळ लिंबाचं, म्हणजे कढीपत्ता, कवठ आणि बेल हेही त्यांचे भाऊबंदच. म्हणून तिरफळ चुरगाळलं की आधी संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. नेपाळात आणि कुमाऊँ-गढवालकडं तिमूर म्हणून जे वापरतात, तेही याच घरातलं.

तिरफळाचं झाड सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, कोकणात आणि गोव्यात आढळतं. खोडावर जाड, टोकदार, बुंध्याशी रुंद असे काटे असतात. पावसाळ्यात हिरव्या फळांचे घोस लागतात, मग ती वाळून उकलतात आणि आत चकचकीत काळी बी दिसते. काट्यांमुळं परसात हे झाड नको म्हणणारे बरेच. सासूबाईंच्या माहेरचं झाड असंच पोरांना काटे लागतात म्हणून तोडलं गेलं. ते आठवलं की त्या अजून हळहळतात. शेजारच्या कर्नाटकात या फळाला जुम्मनकाई असं एक नाव आहे. कानडीत 'जुम्म' म्हणजे अंगावर शिरशिरी येणं. चिनी लोकांचा 'मा' आणि कानडी लोकांचा 'जुम्म', दोघांनी एकाच अनुभवाला नाव दिलं.

इथं एक सूचना. दुकानात जाऊन तिरफळ मागितलं की घाटावरचा दुकानदार हमखास त्रिफळा चूर्णाचा डबा पुढं करतो. ते हिरडा, बेहडा आणि आवळ्याचं औषध. ते आमटीत घातलंत तर काय होईल हे मी सांगायला नको. कोकणातल्या बाजारात, कणकवली-सावंतवाडीकडं, वाळलेली तिरफळं सहज मिळतात. आणि आपल्या भागातल्या जंगलात दिसलं म्हणून तोडू नका. राधानगरीचं अभयारण्य १९५८ सालापासून राखलेलं आहे, तिथली पानं-फळंसुद्धा तिथंच राहू द्यायची असतात. शिवाय नुसत्या काट्यांवरून झाड ओळखणं धोक्याचं.

आता या मुंग्या येतात कशा? मिरचीतला कॅप्सेसिन हा घटक जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवतो, म्हणून मेंदूला वाटतं की तोंड भाजलं. ज्यातून हे घडतं तो ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तिरफळाच्या जातीतला घटक वेगळा, त्याचं नाव सानशूल. तो स्पर्श आणि कंप ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतो. २०१३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी लोकांच्या ओठांना ह्वाज्याव लावलं आणि ओठांतली थरथर बोटाला दिलेल्या यांत्रिक कंपाशी जुळवून पाहायला सांगितली. ती सेकंदाला सुमारे ५० कंपनांशी जुळली. आपल्या घरातल्या विजेची वारंवारताही ५० असते, हा निव्वळ योगायोग, पण नऊ व्होल्टची बॅटरी जिभेला लावल्यासारखं वाटतं म्हणणारे फार चुकत नाहीत. ओठ थरथरत असताना मिरचीचा जाळ थोडा मागं सरकल्यासारखा वाटतो. 'मा' आणि 'ला' एकत्र नांदतात ते असे.

घरी वापरायचं तर पहिला नियम सासूबाईंचा, बी काढायची. चव आणि मुंग्या सगळ्या सालीत. बी कडक, दातांखाली वाळूसारखी कचकचते. दुसरा नियम, मसाल्याबरोबर वाटायचं नाही. मी पहिल्यांदा हौसेनं मूठभर तिरफळं बियांसकट मिक्सरमध्ये फिरवली आणि चिकनचा रस्सा कडूजहर करून ठेवला. कोकणात बांगड्याच्या किंवा तारल्याच्या आमटीला आठ-दहा तिरफळं फक्त ठेचून, थोड्या पाण्यात कुस्करून, आमटी उतरायच्या बेताला घालतात. उडीदमेथीतही तसंच. तेलकट मासा आणि तिरफळ ही जोडी का जमते हेही लक्षात येतं, सानशूल पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो आणि फार उकळलं की त्याचा जोर जातो. सिचुआनी आचारीही तेच करतात, फळं मंद आचेवर तेलात परततात किंवा कोरडी भाजून, कुटून, वरून भुरभुरतात. पूड करून महिनोन्महिने ठेवलीत तर नुसता लाकडाचा भुसा उरेल. लागेल तेवढीच कुटावी.

पहिला पदार्थ म्हणून मी गोंगबाव चिकन सुचवेन. सिचुआनचे एकोणिसाव्या शतकातले गव्हर्नर डिंग बावझेन यांच्या पदवीवरून त्याला हे नाव पडलं. यात लागतात सुक्या लाल मिरच्या आणि शेंगदाणे. कोल्हापूरच्या कुठल्या घरात हे नसतं? पाव किलो बिनहाडाचं चिकन बारीक चौकोनी चिरून दोन चमचे सोया सॉस आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळून अर्धा तास ठेवा. एका वाटीत सोया सॉस, व्हिनेगर आणि साखर प्रत्येकी एकेक चमचा, थोडं कॉर्नफ्लोअर आणि दोन-तीन चमचे पाणी कालवा. लोखंडी कढईत तेल तापवून आच कमी करा. आठ-दहा मिरच्यांचे तुकडे, बिया झटकून, आणि बी काढलेल्या तिरफळाच्या पंधरा-वीस साली टाका. मिरची संकेश्वरी घेतलीत तर निम्मीच घ्या, ब्याडगी असेल तर रंग छान येतो. इथं घाई नको. मिरची गडद लाल व्हावी, काळी झाली की सगळं फुकट, पुन्हा तेल तापवा. मग आच मोठी करून चिकन, ते पांढरं पडून शिजत आलं की आलं-लसूण आणि कांदापात, मग वाटीतलं मिश्रण, आणि आच बंद करताना मूठभर भाजलेले शेंगदाणे. चिकन खात नसाल तर श्रावणघेवडा आधी तेलात सुरकुत्या पडेपर्यंत परतून याच फोडणीत घाला, तोही सिचुआनचाच प्रकार.

तिरफळ हुबेहूब ह्वाज्याव नव्हे, हे मात्र सांगितलं पाहिजे. तिरफळाचा वास अधिक रानवट, थोडा कापरासारखा, आणि मुंग्या जरा कमी. दोन्ही शेजारी ठेवून चाखली तर फरक कळतो. मला तिरफळाचं जास्त आवडलं. सासूबाईंना अर्थातच ते चिकन नाही आवडलं. साली बाजूला काढत म्हणाल्या, "बांगडा असता तर."

पुतण्यानंही प्रयोग केला. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकानं दोन घास खाल्ले, ओठांना हात लावला आणि घाबरून विचारलं, "ह्यात काय घातलाय? माझं तोंड बधिर झालंय." त्याला पाणी दिलं, समजावलं. दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरलं, पण पुतण्याच्या पोटात गोळा आला होता. तुम्हीही पाहुण्यांना आधी सांगून ठेवा. आता तो गाडीवर कुटलेल्या तिरफळाची एक छोटी डबी ठेवतो, विचारूनच चिमूटभर वरून टाकतो. फोंडा घाटानं मासळी घेऊन येणारा त्याच्यासाठी कधीमधी पावशेर तिरफळं आणतो. त्यातली मूठभर सासूबाई आधीच काढून घेतात.