चाइल्ड, किड, टीनएजर की यूथ? मुलांसाठी कोणता इंग्रजी शब्द कधी वापरायचा?



आपल्या वडसा परिसरात एकाच पोराला आजी 'लेकरू' म्हणते, सोबती 'पोट्टा' म्हणतात, वर्गात तो 'विद्यार्थी' असतो आणि शाळेच्या सूचनापत्रात 'पाल्य' होतो. पोरगा तोच, बोलणारा बदलला की शब्द बदलतो. मराठीत हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीत मात्र आपण 'मुलगा म्हणजे बॉय, मूल म्हणजे चाइल्ड' एवढ्यावरच थांबतो. म्हणून आज हे शब्द नीट लावून घेऊ.

वयानुसार शब्द

'इन्फंट' म्हणजे तान्हं बाळ. हा शब्द लॅटिनमधून आला, मूळ अर्थ 'न बोलणारा'. 'टॉडल' म्हणजे दुडूदुडू चालणे, म्हणून नुकतं चालायला लागलेलं मूल 'टॉडलर'. साधारण एक ते तीन वर्षांचं. त्यानंतर 'चाइल्ड'.

'टीनएजर' कसा लक्षात ठेवायचा? थर्टीनपासून नाइन्टीनपर्यंतच्या आकड्यांच्या शेवटी 'टीन' येतं, म्हणून 13 ते 19. बारा म्हणजे ट्वेल्व्ह, तिथे 'टीन' नाही, म्हणून बारा वर्षांचा मुलगा टीनएजर नाही. 'अ‍ॅडोलेसंट' हा डॉक्टरांचा आणि अहवालांचा शब्द. जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 वयोगटाला अ‍ॅडोलेसंट म्हणते. म्हणजे आपला सहावीतला अकरा वर्षांचा मुलगा अ‍ॅडोलेसंट आहे, पण टीनएजर नाही.

'यूथ' म्हणजे तरुण. संयुक्त राष्ट्रसंघ 15 ते 24 हे वय धरतो, तर भारताचं 2014 चं राष्ट्रीय युवा धोरण 15 ते 29.

कागदानुसार शब्द

आता आठवीतली तेरा वर्षांची मुलगी घ्या. वडसा स्टेशनच्या तिकीट खिडकीवर ती 'चाइल्ड' नाही. रेल्वेत मुलांचं तिकीट 5 वर्षं पूर्ण झाल्यापासून 12 पूर्ण होईपर्यंतच. तिला पूर्ण तिकीट लागतं. पण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात 6 ते 14 वयाची मुलं 'चाइल्ड' आहेत, म्हणून तिथे ती चाइल्डच. आणि 2012 च्या पॉक्सो कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण 'चाइल्ड' आहे.

हा शेवटचा मुद्दा पालकांनी नीट समजून घ्यावा. "पोरगी सतरा वर्षांची आहे, आता लहान थोडीच आहे," असं आपण सहज बोलून जातो. पूर्ण तिकीट लागलं म्हणून कायद्याचं संरक्षण संपत नाही. म्हणून फॉर्मवर 'चाइल्ड' दिसला की आधी बघावं, हा कागद किती वयापर्यंतच्या मुलाला चाइल्ड म्हणतो?

बोलणाऱ्यानुसार शब्द

'किड' हा घरगुती, बोलण्यातला शब्द. मूळ अर्थ शेळीचं करडू. मित्राशी बोलताना 'माय किड्स' चालतं, मुख्याध्यापकांना लिहिलेल्या अर्जात नाही. तिथे 'माय सन' किंवा 'माय डॉटर' लिहा. उच्चार ऱ्हस्व करावा. धानावर पडते ती कीड वेगळी! आणि नववी-दहावीच्या वर्गाला 'किड्स' म्हणून हाक मारू नका, त्यांना ते टोचतं. 'स्टुडंट्स' म्हणावं.

'वॉर्ड' म्हटलं की आपल्याला दवाखाना किंवा नगरपरिषद आठवते. पण शाळेच्या पत्रातला 'युवर वॉर्ड' म्हणजे तुमचा पाल्य.

'मायनर' म्हणजे कायद्याने अज्ञान, 18 पूर्ण न झालेला. हा दोष नाही, फक्त कायद्यातलं स्थान आहे. 'जुव्हेनाइल'बाबत मात्र जपून. बातम्यांत तो बहुतेक गुन्ह्याच्या संदर्भात येतो. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या इंग्रजी नावात हा शब्द राहिला, पण आत मुलाचा उल्लेख करताना 'चाइल्ड' वापरला आहे, कारण शब्दामुळे मुलावर शिक्का बसतो. विद्यार्थ्याच्या प्रगतिपत्रकात हा शब्द कधीच नको.

'बॉय'चंही तसंच. आठ वर्षांच्या मुलाला तो शोभतो. पण अमेरिकेत गोरे लोक मोठ्या कृष्णवर्णीय पुरुषांना 'बॉय' म्हणून हिणवत, त्यामुळे तिथे मोठ्या माणसाला असं म्हणणं अपमान समजला जातो. आपल्याकडे चहा आणणाऱ्या चाळीशीतल्या माणसाला 'पोऱ्या' म्हणणं याहून फार वेगळं आहे का?

व्याकरणाच्या दोन गोष्टी

'चाइल्ड'चं अनेकवचन 'चिल्ड्रन'. 'चाइल्ड्स' किंवा 'चिल्ड्रन्स' हे अनेकवचन नाही. 'यंग' हे विशेषण आहे, म्हणून 'यंग्ज' म्हणू नये. 'द यूथ' म्हणजे तरुण पिढी, तर 'अ यूथ' म्हणजे बहुतेक वेळा एखादा तरुण मुलगा. मुलंमुली दोघांबद्दल बोलायचं असेल तर 'यंग पीपल' सगळ्यात सोयीचा.

वर्गातला उपक्रम

फळ्यावर एक काल्पनिक पंधरा वर्षांचा मुलगा काढा. भोवती पाच माणसं लिहा : आजी, मित्र, डॉक्टर, वकील, शाळा. प्रत्येक जण त्याला मराठीत काय म्हणेल आणि इंग्रजीत काय, हे मुलांकडूनच काढून घ्या. शेवटी एकच प्रश्न विचारा : "तुम्हाला यातलं कोणतं नाव आवडेल, आणि का?" उत्तरं वहीत लिहून घ्या. पुढच्या पालकसभेत ती वाचून दाखवता येतील.