छप्पर गळते, खर्च कोणाचा?

इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. छपराचा एक पत्रा सरकला की रात्रीत कापडाचे तागे भिजतात आणि डाग पडलेला माल मग निम्म्या भावातही कोणी घेत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या दुकानात हेच झाले. मालकाने काम काढले आणि खर्चाचा हिस्सा रोख मागितला. आम्ही जबानीवर भरवसा ठेवून पैसे दिले, पावती घेतली नाही. पुढच्या वर्षी त्याच छपराच्या नावाने भाडेही वाढवून मागितले गेले, तेव्हा आमच्या हातात कागदाचा एक तुकडा नव्हता. ही चूक आमची होती. व्यापारी आणि कारागीर बांधवांनी ती करू नये, म्हणून हा हिशेब मांडत आहोत.

आधी थोडा मागचा इतिहास. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दरावर गोठवली होती. त्या भाड्यात मालकाला इमारत सांभाळणेही कठीण झाले. गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात गैरवाजवी झाल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितले. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

या कायद्यात दुरुस्ती वेगळी आणि सुधारणा वेगळी. सगळा मसला या फरकाचा आहे.

दुरुस्ती म्हणजे आहे ती जागा वापरण्याजोगी ठेवणे. फुटलेली कौले, गळका पत्रा, ढासळलेली भिंत यांचे काम यात येते. उलट काही ठरलेले नसेल तर कलम १४ प्रमाणे ही जबाबदारी मालकाची आहे. या खर्चासाठी त्याला सुधारणेच्या नावाने भाडे वाढवता येत नाही. मालक टाळाटाळ करत असेल तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी. तरीही वाजवी मुदतीत काम झाले नाही तर स्वतः काम करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नसावी. भाडे महिना ८०० रुपये असेल तर वर्षाचे ९,६०० होतात, त्यातून २,४०० पर्यंत. प्रत्येक खर्चाची पावती जपावी, कारण हिशेब तिच्यावरच उभा राहतो.

सुधारणा म्हणजे पूर्वी नव्हते ते नवे करणे. पत्रे काढून सिमेंटचा स्लॅब टाकणे हे त्याचे उदाहरण. यासाठी कलम ११ प्रमाणे मालकाला भाडे वाढवता येते, पण दोन अटींवर. कामाला ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती हवी आणि वर्षाची वाढ झालेल्या खर्चाच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. समजा दहा सारख्या गाळ्यांच्या इमारतीवर ४ लाख रुपये खर्चून स्लॅब पडला. किमान सात दुकानदारांची सही लागेल. प्रत्येकाचा हिस्सा ४०,००० रुपये, त्याचे १५ टक्के म्हणजे वर्षाला ६,०००, महिन्याला ५०० रुपये. याहून जास्त मागणी आली तर खर्चाची बिले दाखवायला सांगावे. ही वाढ दरवर्षीच्या ४ टक्के वाढीहून वेगळी असते, हेही ध्यानात ठेवावे.

आता खरी गोष्ट पुढे आहे. महिना ५०० रुपयांनी ४०,००० रुपये सहा वर्षे आठ महिन्यांत फिटतात, पण भाड्यात मिसळलेली वाढ आपोआप उतरत नाही. म्हणून सही करतानाच बोलणी करावी. काम कोणते, अंदाजे खर्च किती, वाढ केव्हापासून, खर्च फिटल्यावर भाडे किती, आणि काम चालू असताना माल कुठे ठेवायचा, हे सारे लिहून घ्यावे. सहीपूर्वी आपला शब्द चालतो, नंतर फक्त कागद बोलतो.

हा कायदा सगळ्या दुकानांना लागू नाही. सरकारच्या किंवा नगरपरिषदेच्या मालकीच्या गाळ्यांना तो लागत नाही. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर बसलेल्यांना भाडेकरूचे हे हक्क मिळत नाहीत. आपला कागद कोणता आहे, हे आधी वकिलाला दाखवावे.

वाद झाला तरी भाडे थांबवू नये. मालक घेत नसेल तर मनीऑर्डरने पाठवून पोच जपावी. थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी मालकाला ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते. पण जो वेळेवर भाडे देतो, त्याची बाजू मुळातच मजबूत असते.

मालकालाही त्याचा हक्क मिळाला पाहिजे. चाळीस वर्षांपूर्वीच्या भाड्यात आजचा स्लॅब पडत नाही, हे आपण दुकानदारांनी मान्य करावे. पण देणे वाजवी असावे, मोजून असावे आणि लिहून असावे. पावसाळ्याच्या आधी शेजारच्या चार दुकानदारांनी एकत्र बसून आपापले करारनामे आणि पावत्या काढाव्यात. छप्पर गळायला लागल्यावर कागद शोधायला वेळ मिळत नाही.