कारखाना निरीक्षक किती, अपघात किती?

मागच्या वेळी आपण कारखाना कायद्याचा इतिहास पाहिला. आज एकच प्रश्न घेऊ. निरीक्षक वाढवले, तर अपघात कमी होतात का?

आधी मोजमाप पाहू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ढोबळ निकष असा: प्रगत औद्योगिक देशांत दर १०,००० कामगारांमागे एक निरीक्षक, औद्योगिकीकरण चालू असलेल्या देशांत १५,००० मागे एक, आणि सर्वांत कमी विकसित देशांत ४०,००० मागे एक. आता कुणी म्हणेल, दोन राज्यांतले निरीक्षक मोजा, अपघात मोजा, झालं! इथंच फसगत होते.

१९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे, ज्या दुखापतीमुळे कामगार ४८ तास किंवा जास्त वेळ कामावर येऊ शकत नाही, ती कळवणं बंधनकारक होतं. पण कळवणार कोण? तर कारखानाच. प्रेसखाली कंत्राटी कामगाराचं बोट गेलं, त्याला खासगी दवाखान्यात नेलं, हातावर चार पैसे ठेवले, की नोंद संपली. म्हणजे निरीक्षक कमी असतील, तर कागदावर अपघातही कमीच दिसतील. उलट निरीक्षक वाढले, की सुरुवातीला आकडा वाढू शकतो. म्हणून जखमींपेक्षा मृत्यूंचा दर पाहावा. मृत्यू लपवणं त्यामानानं अवघड.

दुसरी अडचण. जिथं अपघात होतात, तिथंच निरीक्षक आधी धावतो. मग तपासणी आणि अपघात एकत्र दिसतात. डॉक्टर जिथं जातो तिथं आजारी माणूस असतोच. म्हणून आजार डॉक्टरनं आणला असं आपण म्हणत नाही.

यातून वाट काढली ती कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासानं. तिथं जास्त धोक्याच्या उद्योगांतले काही कारखाने चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून तपासले जात. लेव्हिन, टॉफेल आणि जॉन्सन यांनी त्यांची तुलना तशाच, पण न तपासलेल्या कारखान्यांशी केली. २०१२ साली निष्कर्ष आला: तपासलेल्या ठिकाणी दुखापतींचा दर ९.४ टक्क्यांनी घटला, आणि नोकऱ्या किंवा विक्री घटल्याचं आढळलं नाही.

मात्र नुसती डोकी मोजून भागत नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला आणि २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्समध्ये. यंत्राला जाळी आहे की नाही, हे नजरेला दिसतं. रिअ‍ॅक्टरमधली प्रक्रिया ताब्यात आहे की नाही, हे कळायला रसायनाचं ज्ञान लागतं आणि पुरेसा वेळही. एका माणसावर शेकडो कारखाने सोपवले, तर तो फाईल तपासेल, रिअ‍ॅक्टर नाही.

२०२० च्या संहितेनं निरीक्षकाला ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ केलं आणि संगणकावरून तपासणी ठरवायची सोय ठेवली. मर्जीला आळा बसतो, हे चांगलंच. पण कॅलिफोर्नियातली चिठ्ठी धोक्याच्या उद्योगांतूनच निघत होती, हे विसरू नये.

तेव्हा पुढच्या वेळी ‘अपघात घटले’ अशी बातमी वाचली, तर तीन गोष्टी विचारा: मंजूर पदांपैकी भरलेली किती? दर लाख कामगारांमागे मृत्यू किती? आणि कंत्राटी कामगार त्या हिशेबात धरलेत का?